तीन मायक्रॉनचं अंतर

शेगावहून उत्तरेला निघालं आणि पूर्णा ओलांडली, की काही वेळात वरवट बकाल लागतं. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं, खारपाणपट्टा आणि सातपुडा यांच्या मधलं हे गाव. इथल्या रस्त्यावर उभा राहून एखादा शेतकरी फोनवर विचारतो, "भाऊ, कापसाले आज काय भाव लागला?" बाजूने ट्रॅक्टर जात असतो, एसटीचा हॉर्न वाजत असतो, उन्हाळा असेल तर गरम वारा फोनवर आदळत असतो. तरी पलीकडच्या व्यापाऱ्याला प्रश्न नीट कळतो आणि तो भाव सांगतो. या दोघांच्या मध्ये मोबाइलचा टॉवर आहे, केबल आहेत, असं आपण कौतुकाने बोलतो. पण या साखळीतली पहिली कडी फोनच्या खालच्या कडेच्या बारीक छिद्रामागे बसलेली असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

त्या छिद्रामागे पत्र्याची एक डबी असते. लांबी तीन-चार मिलिमीटर, उंची एक मिलिमीटरच्या आसपास. डबीत सिलिकॉनच्या दोन चिप असतात. एकीवर पडदा ताणलेला असतो, दुसरीवर त्याची वीज सांभाळणारं सर्किट. पडद्याचा व्यास अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या घरात आणि जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्यासमोर काही मायक्रॉनवर भोकं पाडलेली एक ताठ तबकडी असते. तंत्रज्ञ तिला बॅकप्लेट म्हणतात. पडदा आणि बॅकप्लेट मिळून एक कपॅसिटर तयार होतो. आवाजाने पडदा हलला की दोघांतलं अंतर बदलतं, अंतर बदललं की कपॅसिटरची धारकता बदलते, आणि त्यावर आधीच साठवून ठेवलेला विद्युतभार तोच राहिल्यामुळे व्होल्टेज हलतं. हे हललेलं व्होल्टेज म्हणजेच आपला आवाज.

ही कल्पना जुनी आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या ई. सी. वेंटे यांनी १९१६ साली कंडेन्सर मायक्रोफोन बनवला. त्यात पोलादाचा ताणलेला पडदा होता आणि तो चालवायला बाहेरून बरंच मोठं व्होल्टेज द्यावं लागे. स्टुडिओतल्या कंडेन्सर माईकला आजही ४८ व्होल्टचा ‘फँटम’ पुरवठा लागतो. स्टुडिओबाहेर मात्र ही कटकट १९६२ साली मिटली. बेल प्रयोगशाळेत गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये विद्युतभार कायमचा कोंडून ठेवला आणि इलेक्ट्रेट माईक जन्माला आला. टेपरेकॉर्डर, टेलिफोन, कॉलरला लावायचा माईक अशा सगळ्या ठिकाणी पुढची चाळीस वर्षं याच माईकचं राज्य होतं. पण त्याला एक मोठी अडचण होती. आजचे सर्किट बोर्ड भट्टीतून सोल्डर होऊन निघतात आणि तिथलं तापमान सुमारे २६० अंशांवर जातं. एवढ्या उष्णतेत साधा इलेक्ट्रेट आपला भार गमावतो, म्हणून तो नंतर वेगळा बसवावा लागे. सिलिकॉनच्या माईकला ती भट्टी सोसते. नोल्स कंपनीने २००३ पासून असे माईक मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. त्यांना ‘मेम्स’ माईक म्हणतात, आणि आज स्मार्टफोनमध्ये सर्रास हेच असतात.

आता संवेदनशीलतेकडे येऊ. एक पास्कल दाबाचा आवाज माईकवर पडला तर किती व्होल्ट बाहेर येतात, हे या शब्दातून सांगायचं असतं. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबल, कानाला बराच मोठा आवाज. मीटरभर अंतरावरून केलेलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे फक्त ०.०२ पास्कल. हवेचा नेहमीचा दाब एक लाख पास्कल आहे, हे लक्षात घेतलं तर माईक कशाच्या मागे लागला आहे ते समजतं.

एक नमुना माईक कागदावर बनवू. पडद्याची त्रिज्या ०.३ मिलिमीटर, जाडी एक मायक्रॉन, बॅकप्लेटपर्यंतचं अंतर तीन मायक्रॉन आणि पुरवलेलं व्होल्टेज १०. पडद्यातला ताण धरू पाच मेगापास्कल. ताणलेल्या गोल पडद्याचं गणित सोपं आहे. त्याचं सरासरी हलणं म्हणजे दाब गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले आठ वेळा ताण गुणिले जाडी. आकडे घातले की एका पास्कलला हा पडदा सव्वादोन नॅनोमीटर हलतो. साध्या बोलण्याला तो हलतो ०.०४५ नॅनोमीटर. सिलिकॉनच्या एका अणूचा व्यास सुमारे ०.२ नॅनोमीटर आहे. मीटरभरावरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज टिपताना हा पडदा एका अणूच्या जाडीइतकाही हलत नाही, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा हलतो. मला स्वतःला हे गणित प्रत्येक वेळी नव्याने करून बघावंसं वाटतं, कारण आकड्यावर विश्वास बसत नाही.

दहा व्होल्ट भागिले तीन मायक्रॉन, गुणिले सव्वादोन नॅनोमीटर. उत्तर येतं पास्कलला साडेसात मिलिव्होल्ट. बाजारातल्या माईकच्या माहितीपत्रकात हाच आकडा उणे ४२ डेसिबल-व्होल्ट असा छापलेला दिसेल. उणे ३८ छापलं असेल तर ते साडेबारा मिलिव्होल्ट. हा आकडा वाढवायचा कसा, हाच या प्रकरणाचा विषय.

पहिला उपाय कुणालाही सुचेल: ताण कमी करा. वऱ्हाडात डफ वाजवण्याआधी तो जाळावर शेकतात. चामडं आकसतं, ताण वाढतो आणि सूर चढतो. माईकच्या पडद्याला नेमकं उलटं हवं असतं, तो जितका सैल तितका जास्त हलेल. पण डफवाल्याला हाताशी जाळ असतो, चिप बनवणाऱ्याला ती सोय नाही. पॉलिसिलिकॉन किंवा सिलिकॉन नायट्राइडचा थर वायूतून शेकडो अंश तापमानाला जमवला जातो आणि थंड होताना त्यात ताण अडकून बसतो. शुद्ध सिलिकॉन नायट्राइडमध्ये तो एक हजार मेगापास्कलच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे आपल्या नमुन्याच्या दोनशे पट. असा पडदा आवाजाला दाद देत नाही. पॉलिसिलिकॉनमध्ये बऱ्याचदा उलटा, दाबणारा ताण येतो, आणि पातळ पडदा आधार काढताच फुगून वाकतो. मग भट्टीत पुन्हा तापवून ताण सुधारावा लागतो. तापमानात थोडा फरक पडला तरी एकाच वेफरच्या, म्हणजे ज्या चकतीवर चिप घडतात तिच्या, मधल्या आणि कडेच्या माईकमध्ये फरक पडतो.

म्हणून अभियंत्यांनी ताणाशी भांडणं सोडून त्याला वाट करून दिली. काहींनी पडद्याच्या कडेला गोल नागमोडी वळ्या घातल्या. अडकलेला ताण त्या वळ्यांत जिरतो आणि मधला भाग सैल राहतो. काहींनी पडदा चारी बाजूंनी पक्का न करता बारीक स्प्रिंगांवर टांगला. नोल्सने पडदा जवळजवळ मोकळाच ठेवला. व्होल्टेज दिलं की तो विजेच्या ओढीने टेकूंवर जाऊन बसतो. या तिन्हींत मला शेवटची युक्ती सर्वांत धीट वाटते, कारण वीज बंद असताना तो पडदा म्हणजे नुसता एक सुटा तुकडा असतो.

दुसरा उपाय, पडदा मोठा करा. सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे, म्हणजे त्रिज्या दुप्पट केली की संवेदनशीलता चौपट. पण पडद्यामागे बंद हवा असते आणि ती स्वतः स्प्रिंग असते. डबीतली मागची जागा दोन घन मिलिमीटर धरली तर आपल्या मूळ पडद्याला ती हवा फारशी नडत नाही, चार टक्के नुकसान होतं. त्रिज्या दुप्पट केली की पडद्याचं क्षेत्रफळही चौपट होतं. त्यामुळे प्रत्येक हालचालीत तो चौपट हवा दाबतो, आणि तो हलतोही चौपट. आता हवा उलट ढकलते. हिशेब केला तर चौपटऐवजी जेमतेम अडीचपट फायदा हाती लागतो. मागची जागा ०.२ घन मिलिमीटरवर आणली, तर मूळ छोटा पडदासुद्धा आपली जवळजवळ एक तृतीयांश संवेदनशीलता गमावतो. फोन पातळ करायच्या हट्टाची किंमत इथे मोजावी लागते. याच कारणाने बहुतेक चांगल्या माईकमध्ये आवाजाचं छिद्र झाकणावर नसतं, खालच्या बोर्डातून वर येतं. तसं केलं की झाकणाखालची सगळी पोकळी पडद्याच्या मागची जागा म्हणून वापरता येते.

आता तिसऱ्या आणि सगळ्यांत फसव्या उपायाकडे. पडदा आणि बॅकप्लेट यांच्यातलं अंतर सूत्रात भागाकारात आहे. मग तीनाचं दीड मायक्रॉन केलं की संवेदनशीलता दुप्पट व्हायला हवी. कागदावर होते. प्रत्यक्षात माईक मरतो.

कारण पडद्यावर फक्त आवाजाचा दाब नसतो. दिलेलं व्होल्टेज पडद्याला सतत बॅकप्लेटकडे ओढत असतं, आणि पडदा जवळ जाईल तशी ही ओढ वाढत जाते. समांतर तबकड्यांच्या हिशेबात पडद्याने एक तृतीयांश अंतर ओलांडलं की परतीचा मार्ग बंद होतो आणि तो धाडकन बॅकप्लेटला चिकटतो. आपल्या नमुन्यात हे वीस व्होल्टला घडेल, म्हणून आपण निम्म्यावर, दहावर थांबलो. अंतर निम्मं केलं की ही मर्यादा वीसवरून सातच्या आसपास येते. म्हणजे ज्या दहा व्होल्टवर माईक सुखाने चालत होता त्याच दहावर आता पडदा चिकटेल. सुरक्षेचं तेच प्रमाण ठेवून व्होल्टेज साडेतीनवर आणलं, तर संवेदनशीलता साडेसातवरून सव्वापाच मिलिव्होल्टवर घसरते. अंतर कमी केलं आणि माईक बहिरा झाला.

मग अंतर वाढवावं का? या हिशेबाने वाढवावंच. पण सहा मायक्रॉन केलं तर त्याच प्रमाणात २८ व्होल्ट लागतील. फोनच्या आतला पुरवठा दोन-तीन व्होल्टचा असतो. चिपमधलं चार्ज पंप नावाचं सर्किट तोच थोडा थोडा चढवून दहाच्या घरात नेतं. आणखी वर जायचं तर चिपचे थर तो ताण सोसणारे लागतात आणि खर्च वाढतो. शिवाय अंतर दुप्पट म्हणजे धारकता निम्मी. आपल्या नमुन्याची धारकता मुळातच ०.८ पिकोफॅरड आहे. जोडणाऱ्या तारा आणि पडद्याची न हलणारी कड यांची परोपजीवी धारकता तेवढीच असली, तरी सिग्नल अर्धा होतो. या क्षेत्रातल्या शोधनिबंधांत दोन-चार मायक्रॉनचं अंतर पुन्हा पुन्हा का दिसतं, त्याचं उत्तर या ओढाताणीत आहे.

बॅकप्लेटची भोकं हा वेगळाच विषय आहे. पडदा हलताना मधली हवा बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर ती चिकट तेलासारखी अडवते. चेक संशोधक झ्डेनेक श्क्वोर यांनी १९६७ साली या अडथळ्याचं सूत्र मांडलं आणि अभियंते ते आजही वापरतात. त्यातली मेख अशी की अडथळा अंतराच्या घनाने बदलतो. अंतर निम्मं केलं तर अडथळा आठपट. भोकं जास्त आणि जवळजवळ ठेवली की तो कमी होतो, पण भोकाच्या जागी तबकडीच नसल्याने धारकताही कमी होते, आणि बॅकप्लेट चाळणीसारखी कमकुवत झाली तर तीसुद्धा आवाजाबरोबर हलू लागते. दोघं एकत्र हलले तर अंतर बदलणार कुठून?

हा अडथळा फक्त हालचाल रोखत नाही. हवेचे रेणू सतत धडपडत असतात आणि जिथे अडथळा तिथे त्यांची धडपड पडद्यावर खरखर म्हणून उमटते. इथे सगळ्या चर्चेला वळण मिळतं. संवेदनशीलता कमी असेल तर सर्किटने सिग्नल वाढवता येतो. पण वाढवताना खरखरही वाढते. म्हणून माईकची खरी लायकी सिग्नल आणि त्याच्या स्वतःच्या खरखरीच्या गुणोत्तरातून कळते. ६५ डेसिबल गुणोत्तराचा माईक म्हणजे ज्याची स्वतःची खरखर २९ डेसिबलच्या आवाजाएवढी आहे. वरवट बकालच्या रस्त्यावर भर दुपारी हे कुणाला जाणवणार नाही. तिथे ट्रॅक्टरचा आवाज कितीतरी मोठा आहे.

जाणवेल ते उत्तरेला, याच संग्रामपूर तालुक्यातल्या अंबाबरवा अभयारण्यात. हे अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मेळघाटच्या जंगलांत रानपिंगळा राहतो. हे घुबड १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला निश्चित दिसलं नव्हतं. १९९७ साली पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा शोधलं. असे लाजाळू पक्षी आणि वटवाघळं नोंदवायला आता जगभर झाडाला बांधायची छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं वापरली जातात. त्यातलं ऑडिओमॉथ हे यंत्र खूप लोकप्रिय आहे, आणि त्याच्या आतही फोनसारखाच मेम्स माईक असतो. रात्रीच्या शांत जंगलात लांबून आलेली हाक वीस-पंचवीस डेसिबलची असली, तर ती माईकच्या स्वतःच्या खरखरीत पुसट होते. इथे पडदा आणखी सैल करून उपयोग नाही. अडकलेल्या हवेची अडवणूक कमी करणं हाच मार्ग उरतो.

त्यासाठी केलेल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. इन्फिनिऑन कंपनीने पडद्याच्या दोन्ही बाजूंना बॅकप्लेट दिली. पडदा एका बाजूला गेला की एकीकडचा सिग्नल वाढतो आणि दुसरीकडचा घटतो. दोघांची वजाबाकी केली की सिग्नल दुप्पट होतो, आणि मोठ्या आवाजातली विकृती बरीचशी आपोआप कापली जाते. पुढे त्यांनी रचना उलटी केली. दोन पडदे, मध्ये एकच ताठ तबकडी, आणि दोन पडद्यांमधली जागा हवा जवळजवळ काढून बंद. हवाच नाही तर अडथळा कुठला? शिवाय धूळ आत शिरण्याचा प्रश्नच मिटला.

धुळीचा मुद्दा आपल्याकडे गंभीर आहे. तीन मायक्रॉनच्या फटीत एक बारीक कण अडकला तर तेवढ्या जागी पडदा थांबतो. जिनिंगच्या आवारात उडणारे कापसाचे तंतू बहुधा बाहेरच्या जाळीवरच अडकतात. ते तिथे साचले की आवाज दबतो आणि दुकानात "माईक गेला" असं निदान होतं. मोबाइल दुरुस्त करणारा जाणता कारागीर आधी मऊ ब्रशने जाळी झाडतो, मग चार्जिंगच्या बोर्डवरचा माईक तपासतो. अनेक फोनमध्ये तो याच बोर्डवर असतो. जाळी मोकळी करायला सुई घालू नये किंवा तोंडाने हवेचा जोरदार झोत मारू नये. एक पास्कलला दोन नॅनोमीटर हलणाऱ्या पडद्यावर तो झोत काय करेल, याचा हिशेब वाचकाने वरच्या आकड्यांवरून सहज मांडावा.

शेवटी एक छोटं भोक, पण त्याशिवाय यातलं काहीच चालणार नाही. पडद्यात एक किंवा अनेक सूक्ष्म वाटा ठेवलेल्या असतात, पुढची आणि मागची हवा हळूहळू समान व्हावी म्हणून. घराच्या तळमजल्यावरून माडीवर चढलात तर हवेचा दाब सुमारे ३५ पास्कलनं उतरतो, साध्या बोलण्याच्या दाबापेक्षा दीड हजार पटींहून जास्त. वरवट बकालहून सातपुड्यात तीनशे मीटर चढलात तर दाब तीन हजार पास्कलपेक्षा जास्त घटेल. आमच्या नमुन्याच्या हिशेबाने पडदा सात मायक्रॉन सरकायला हवा. समोर जागा आहे तीन मायक्रॉनची. वाट नसती तर घाटातच माईक बंद पडला असता. या वाटेचा आकार हीदेखील तडजोड आहे. ती मोठी ठेवली तर खालचे, जाड सूर गळतात, आणि फार बारीक ठेवली तर वाऱ्याचा घोंघाट सगळा आत येतो. बोलण्यासाठीचे माईक त्यामुळे साधारण पन्नास-शंभर हर्ट्झखालचा आवाज मुद्दाम सोडून देतात.

एवढं वाचल्यावर माईकच्या माहितीपत्रकातला ‘संवेदनशीलता’ हा आकडा वेगळ्या नजरेने बघायला हवा. तो चिपमधल्या सर्किटने हवा तेवढा वाढवून छापता येतो. ताण किती, मागची जागा किती आणि खरखर किती यातलं त्यातून काहीच कळत नाही. आवाज नोंदवण्यासाठी माईक घेणार असाल, शेतातल्या मुलाखतींसाठी असो की पक्ष्यांसाठी, तर आधी सिग्नल-खरखर गुणोत्तर बघा, मग किती मोठ्या आवाजापर्यंत तो फाटत नाही ते बघा, आणि संवेदनशीलता सगळ्यात शेवटी.